गुलाल धुतला, हिशेब दिला का?

माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी ग्रामपंचायतीला उभ्या राहतात. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. निकाल लागतो, गुलाल उडतो आणि एक कागद मात्र राहून जातो. तो म्हणजे निवडणूक खर्चाचा हिशेब.

निकालानंतर ३० दिवसांच्या आत हा हिशेब द्यायचा असतो. जिंकलेलीनं द्यायचा, हरलेलीनं द्यायचा, बिनविरोध आलेलीनंही द्यायचा. "आपण तर पडलो, आता कशाला?" असं म्हणू नका. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब प्रमाणे, योग्य कारण नसताना हिशेब दिला नाही तर पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. निवडून आलेलीचं पद जातं, हरलेलीला पुन्हा उभं राहता येत नाही.

आपल्याकडं होतं काय? खर्च घरधनी करतात, बिलं दिराच्या खिशात आणि सही आपली. पण नोटीस येते ती आपल्याच नावानं. म्हणून वही आपल्या हातात हवी.

खर्चाला मर्यादाही आहे. राज्य निवडणूक आयोगानं २०१७ साली ठरवली ती अशी. सात-नऊ सदस्यांच्या गावात सदस्यपदाला २५ हजार, सरपंचपदाला ५० हजार. अकरा-तेरा सदस्यांच्या गावात ३५ हजार आणि एक लाख. पंधरा-सतरा असतील तर ५० हजार आणि पावणेदोन लाख. अर्ज भरताना चालू आकडा तहसील कार्यालयात विचारून घ्या. पत्रकं, फ्लेक्स, गाडी, स्पीकर, कार्यकर्त्यांचा चहा-नाष्टा, सगळं लिहायचं.

हा प्रश्न नुसता गावचा नाही. २०१८ पासून पक्षांना निवडणूक रोख्यांतून देणग्या मिळत होत्या. कुणी कुणाला दिल्या, ते मतदाराला कळत नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजना रद्द केली. पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असं न्यायालयानं सांगितलं. मग स्टेट बँकेला यादी द्यावी लागली आणि मार्चमध्ये ती सगळ्यांसमोर आली.

तरी एक भोक उरलंच आहे. आमदारकीच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पण पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही.

आणि मतासाठी पाकीट, साडी देणं हा गुन्हा आहे, तसा घेणं हाही. भारतीय न्याय संहितेत ती लाच ठरते.

मैत्रिणींनो, गटात आपण शंभर रुपयांचा हप्ताही वहीत लिहितो, सगळ्यांपुढं वाचतो. तीच सवय निवडणुकीत न्यायची. येत्या बैठकीत आपल्या गावातल्या सदस्य ताईंना एवढंच विचारा, "हिशेब दिल्याची पोच कुठं आहे?" पोच घरात नसेल, तर उद्याच दोघी-तिघी मिळून तहसीलला जाऊन या. नोटीस आली असेल तर गप्प बसू नका. आपलं कारण लेखी मांडा आणि त्याचीही पोच घ्या.