अदृश्य वायू आणि दृश्य खूण : इमारतींच्या धुरीकरणातील सुरक्षानियमांचे विवेचन

बंदिस्त जागेत विषारी वायू सोडून तेथील कीटक, वाळवी किंवा उंदीर नष्ट करण्याच्या क्रियेस व्यवहारात 'धुरी देणे' व शासकीय लेखनात 'धुरीकरण' किंवा 'धूमन' असे म्हटले जाते. धान्याची गोदामे, पिठाच्या गिरण्या, जहाजे आणि क्वचित राहती घरे ही तिची क्षेत्रे होत. या क्रियेचे शास्त्र रसायनाचे आहे आणि तिच्यावरील बंधने कायद्याची आहेत. त्यामुळे भाषेच्या अभ्यासकाचा तिच्याशी संबंध काय, असा प्रश्न सकृद्दर्शनी पडणे स्वाभाविक आहे. परंतु धुरीकरणाचे सुरक्षानियम बारकाईने वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील बराच मोठा भाग विषासंबंधी नसून खुणांसंबंधी आहे. जो वायू स्वतःच्या अस्तित्वाची वर्दी देत नाही, त्याच्या वतीने वर्दी देण्याची व्यवस्था म्हणजे हे नियम. ही व्यवस्था कोठे पुरी पडते आणि कोठे अपुरी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. 'धुरी' हा शब्द

इंग्रजीतील 'फ्युमिगेशन' हा शब्द लॅटिन 'फूमुस' म्हणजे धूर या शब्दापासून आला. हा 'फूमुस' आणि संस्कृत 'धूम' हे एकाच मूळ भारत-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत, आणि 'धूम'पासूनच मराठीतील 'धूर' व 'धुरी' हे शब्द आले. अर्थात दोन्ही भाषांनी या क्रियेस धुराचेच नाव दिले. प्राचीन काळी ते यथार्थ होते, कारण तेव्हा गंधक, धूप किंवा औषधी पाला जाळूनच ही क्रिया होत असे.

आज या नावाची वस्तूशी फारकत झाली आहे. धूर डोळ्यांना दिसतो, नाकाला झोंबतो, खोकला आणतो आणि खिडकी उघडली की बाहेर जाताना दिसतो. मराठी घरात तर धुरीचा संबंध आरोग्याशी व मांगल्याशी जोडलेला आहे. बाळंतिणीच्या खोलीत दिली जाणारी ओवा-शेपांची धुरी आणि तिन्हीसांजेस फिरविला जाणारा ऊद हे 'धुरी' या शब्दाचे सहचर अर्थ होत. आधुनिक धुरीकरणातील वायूंना मात्र बहुधा रंग नसतो. काहींना वास नसतो, काहींचा वास भरवशाचा नसतो. शब्द ओळखीचा राहिला आणि वस्तू अनोळखी झाली. धोक्याचे एक मूळ या विसंगतीत आहे.

हीच गोष्ट 'गोळी' या शब्दाची. अॅल्युमिनियम फॉस्फाइड हा पदार्थ ज्या आकारात विकला जातो, त्यास बाजारात 'गोळी' म्हणतात. मराठी कानाला गोळी म्हणजे प्रथम औषध. 'धान्यात टाकायची गोळी' या शब्दप्रयोगात विषाचा सुगावाही लागत नाही.

२. चार वायूंचे स्वभाव

सुरक्षानियमांमागील कारणे वायूंच्या गुणधर्मांत आहेत. म्हणून त्यांचा थोडक्यात परिचय आवश्यक ठरतो.

हायड्रोजन सायनाइडचा धुरीकरणासाठी वापर इ. स. १८८६ मध्ये कॅलिफोर्नियात डी. डब्ल्यू. कॉकिलेट याने लिंबूवर्गीय झाडांवरील किडीसाठी केला. तेथून तो गिरण्या, जहाजे व घरे यांत पसरला. हा पदार्थ सुमारे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचा वास कडू बदामासारखा असतो असे सांगितले जाते. परंतु काही व्यक्तींना आनुवंशिक कारणाने तो वास येतच नाही. शिवाय गाद्या, उशा व ओलसर वस्तू हा वायू शोषून घेतात आणि नंतर हळूहळू सोडतात. खोली मोकळी झाली तरी अंथरूण मोकळे झालेले नसते.

मिथिल ब्रोमाइड हवेच्या तिपटीहून अधिक जड असल्याने तळघरात व खोलगट भागात साचतो. विषारी प्रमाणातही त्याचा वास जाणवत नाही आणि विषबाधेची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात. ओझोनच्या थराला तो घातक असल्यामुळे माँट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ पर्यंत व विकसनशील देशांत २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबविण्याचे ठरले. आयात-निर्यातीतील संसर्गरोधासाठी मात्र सवलत राहिली.

भारतातील गोदामांत आज प्रमुख स्थान फॉस्फीनचे आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडचा हवेतील आर्द्रतेशी संयोग होऊन हा वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. लसूण किंवा कार्बाइडसारखा त्याचा जो वास प्रसिद्ध आहे, तो बहुतांशी त्यातील अशुद्ध द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये धान्यात शोषली गेली की वास जातो आणि विष मात्र राहते. या विषावर विशिष्ट उतारा नाही. बाधित व्यक्तीस मोकळ्या हवेत आणणे व विनाविलंब रुग्णालयात नेणे एवढेच हाती असते.

चौथा वायू सल्फ्युरिल फ्लोराइड. अमेरिकेत वाळवीसाठी संपूर्ण घर ताडपत्रीने झाकून तो सोडला जातो. त्याला रंगही नाही आणि वासही नाही.

३. उसनी खूण

वायू स्वतः बोलत नसेल तर त्याच्यासोबत बोलणारा दुसरा पदार्थ पाठवावा, ही कल्पना या शास्त्रात लवकरच आली. सल्फ्युरिल फ्लोराइड सोडण्यापूर्वी इमारतीत अल्पसे क्लोरोपिक्रिन ठेवतात. मिथिल ब्रोमाइडमध्ये ते सुमारे दोन टक्के मिसळण्याची पद्धत आहे. क्लोरोपिक्रिनने डोळ्यांना पाणी येते व माणूस बाहेर पळतो. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतील अमोनियम कार्बामेटमधून अमोनिया निघतो. तो आगीचा संभव कमी करतो आणि नाकाला इशाराही देतो.

ही खूण उसनी आहे, म्हणून ती काढूनही घेता येते. जर्मनीत सायनाइडयुक्त 'झायक्लोन बी' या कीटकनाशकात असे सूचक द्रव्य घातलेले असे. नाझी राजवटीने हाच पदार्थ आउश्वित्झ येथे माणसांच्या हत्येसाठी वापरला, तेव्हा सूचक द्रव्य वगळलेला मालही पुरविला गेला. कीटक मारताना माणसाला वाचविण्यासाठी ठेवलेली खूण माणूस मारताना अनावश्यक ठरली. सुरक्षानियमाचा गाभा कोणता, हे याहून कठोरपणे कशानेही सिद्ध होणार नाही.

उसन्या खुणेला दुसरीही मर्यादा आहे. सूचक द्रव्य व विष यांचा वेग सारखा नसतो. एक आधी निघून जाते, दुसरे मागे राहू शकते. म्हणून 'वास येत नाही' याचा अर्थ 'वायू नाही' असा करण्यास सर्व नियम मनाई करतात. पेवात किंवा पडक्या विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूच्या अभावाची खूण म्हणून समंजसपणाची होती. फॉस्फीनच्या बाबतीत ती निरुपयोगी व घातक आहे. जीव घेण्याइतक्या फॉस्फीनने दिवा विझत नाही. आणि वायूचे प्रमाण सुमारे १.८ टक्क्यांवर गेले तर तो पेट घेऊ शकतो. येथे विश्वास ठेवावयाचा तो मापक यंत्रावर.

४. नियमांचा क्रम

निरनिराळ्या देशांतील नियमांत तपशिलाचा फरक असला तरी त्यांचा क्रम सामान्यतः एकच आहे.

पूर्वतयारीत इमारतीची व तिला लागून असलेल्या जागांची पाहणी होते. माणसे, पाळीव जनावरे व खाद्यवस्तू हलविल्या जातात. चुली, दिवे व विजेची उपकरणे बंद केली जातात. फॉस्फीन तांबे व चांदी यांस गंजवितो, म्हणून नाजूक यंत्रेही काढतात. फटी, नळांच्या वाटा व गटारांची तोंडे बुजविली जातात. प्रत्येक प्रवेशद्वारास कुलूप व फलक लागतो. मालकाजवळ किल्ली असतेच. म्हणून धुरीकरण करणाऱ्याने आपले दुसरे कुलूप लावावे, असा नियम काही ठिकाणी आहे.

प्रत्यक्ष वायू सोडताना एकट्याने काम करावयाचे नसते. आतल्या टोकापासून दाराकडे येत काम करतात, म्हणजे परतीची वाट नेहमी स्वच्छ हवेकडे राहते. गोळ्या एकावर एक न रचता एका थरात पसरतात आणि त्यांस पाणी लागू देत नाहीत; पाण्याने वायू एकदम सुटून आग लागू शकते. मुखवट्याचेही नियम आहेत. अमेरिकेतील वेष्टनसूचनांनुसार फॉस्फीनचे प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत १५ पर्यंत असेल तरच गाळणीचा मुखवटा चालतो; त्यापुढे स्वतःचा हवासाठा पाठीवर बाळगावा लागतो. धूळ अडविणारी फडक्याची पट्टी येथे काहीही अडवीत नाही.

अखेरचा टप्पा वायू घालविण्याचा. शक्य तेथे दारे बाहेरून उघडतात, पुरेसा काळ वारा खेळू देतात आणि मग मोजणी करतात. मोजणी दारापाशी करून भागत नाही. तळघर, कपाटे, पोटमाळा व धान्याच्या थप्पीमधील जागा पाहाव्या लागतात. फॉस्फीनसाठी दशलक्ष भागांत ०.३ व सल्फ्युरिल फ्लोराइडसाठी १ ही अमेरिकेतील मर्यादा आहे. त्याखाली नोंद आल्यावरच जबाबदार व्यक्ती फलक काढते. फलक लावणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो अन्य कोणी न काढणे महत्त्वाचे.

५. 'इमारत' म्हणजे कोणती?

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या आधिपत्याखालील व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉन येथे एका सुटीच्या निवासात खालच्या मजल्यावर मिथिल ब्रोमाइडची धुरी देण्यात आली. वरच्या मजल्यावर उतरलेल्या एका चौघांच्या कुटुंबास तीव्र विषबाधा झाली. वस्तुतः राहत्या घरांत हा वायू वापरण्यास तेथे १९८४ पासूनच मनाई होती.

या घटनेचा बोध मनाई मोडल्याच्या दोषापुरता नाही. धुरी देणाऱ्याच्या दृष्टीने 'जागा' म्हणजे ज्याने काम सांगितले त्याची जागा. वायूच्या दृष्टीने जागा म्हणजे जेथवर फट जाते तेथवर. भाडेपत्रातील सीमा आणि हवेची सीमा या दोन भिन्न गोष्टी आहेत. एका भिंतीला पाठ लावून बिऱ्हाडे असलेल्या चाळीत अथवा सदनिकांच्या इमारतीत हा भेद प्राणांतिक ठरतो. तेथे नियमातील 'इमारत' या शब्दाचा अर्थ शेजाऱ्यापर्यंत विस्तारावाच लागतो.

६. सूचनेची भाषा

भारतात कीटकनाशक अधिनियम १९६८ चा असून त्याखालील नियम १९७१ चे आहेत. या नियमांनी वेष्टनावरील खूण निश्चित केली आहे : कोनावर उभा केलेला चौकोन, त्याच्या खालच्या त्रिकोणात विषाच्या तीव्रतेनुसार तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. तांबडा सर्वांत जहाल विषाचा, आणि त्यासोबत कवटी व हाडांची आकृती. मजकूर हिंदी, इंग्रजी व त्या प्रदेशातील एक किंवा दोन भाषांत असावा अशी तरतूद आहे. विशेष लक्षणीय म्हणजे 'सुरक्षित', 'बिनविषारी', 'निरुपद्रवी' यांसारखे शब्द वेष्टनावर छापण्यास मनाई आहे. 'सूचनेप्रमाणे वापरल्यास' अशी पुस्ती जोडूनही ते चालत नाहीत. शब्दाचा परिणाम पुस्तीने पुसला जात नाही, हे अर्थविज्ञानातील सत्य येथे कायद्याने मान्य केलेले दिसते. पुढे २००१ मध्ये अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या १० व २० गोळ्यांच्या नळ्यांवर बंदी आली, आणि त्याचा वापर शासकीय यंत्रणा व तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कीटकनियंत्रक यांच्यापुरता मर्यादित झाला. घरधन्याने बाजारातून गोळी आणून धान्याच्या कोठीत टाकावी, यास या व्यवस्थेत वाव नाही.

तथापि मराठीतील सूचनांची वाक्यरचना अद्याप विचार करण्याजोगी आहे. 'खोली हवेशीर करावी' हे वाक्य घ्यावे. 'करावी' हे विध्यर्थी रूप उपदेश आणि बंधन या दोहोंना सारखेच लागू पडते. कर्त्याचा उल्लेख नाही. 'हवेशीर' हे विशेषण सापेक्ष आहे. काम पुरे झाले हे कशावरून ठरवावयाचे, याचे उत्तर नाही. याउलट, 'धुरीकरण-प्रमुखाने दारे बाहेरून उघडावीत. मापकावरील नोंद ०.३ पेक्षा अधिक असेपर्यंत त्याने कोणासही आत सोडू नये' या वाक्यात कर्ता, कृती, मर्यादा व निषेध ही चारही अंगे आहेत. विध्यर्थ तोच, परंतु पहिले वाक्य सदिच्छा व्यक्त करते आणि दुसरे नियम सांगते.

शब्दांची निवडही तितकीच निकडीची आहे. 'प्रवेश निषिद्ध' हे पद शुद्ध आहे, पण गोदामातील हमालास 'आत जाऊ नका, विषारी वायू आहे' हे अधिक लवकर कळते. कारण त्यात निषेधाबरोबर हेतूही येतो. मुंबईसारख्या बंदरात मराठी व हिंदी भाषिक कामगार शेजारी-शेजारी काम करतात. मराठीत 'धोका' म्हणजे संकट. हिंदीत त्याचाच जुळा 'धोखा' म्हणजे फसवणूक, आणि संकटास तेथे 'खतरा' म्हणतात. लिपी एक असल्याने एका भाषेतील फलक दोघांस पुरेल, असे मानणे म्हणून चुकीचे ठरते. ज्यांस अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी कवटीची आकृती आहे. परंतु ती आकृतीही शिकवावी लागते, उपजत कळत नाही.

सारांश, विषारी वायूच्या धुरीकरणात सुरक्षितता ही वायूच्या गुणधर्मांवर जेवढी अवलंबून आहे, तेवढीच खुणांच्या अचूकपणावर आहे. वास, रंग, आकडा, कुलूप, फलक व वाक्य ही एकाच साखळीची कडी होत. रसायनज्ञ मर्यादेचा आकडा ठरवील, विधिज्ञ शिक्षा ठरवील. परंतु बंद दारावरील दोन ओळी वाचून एखादा माणूस कडीवरचा हात मागे घेईल की नाही, हे त्या ओळींच्या मराठीवर ठरते. परिभाषा घडविणाऱ्या अभ्यासकांनी या ओळींकडे गौण लेखन म्हणून पाहू नये.