फोन नंबर गेला कुठे?

चिपळूणला सासूबाईंच्या हातचं कोकमाचं आगळ विकायचं ठरवलं, तेव्हा आधी १५ बाटल्या ओळखीत दिल्या. तिघींनी पुन्हा मागितल्या, मगच अन्नसुरक्षेसाठीची एफएसएसएआय नोंदणी आणि वेबसाइट केली. दोन वर्षांनी हौसेनं तिचं रूपडं बदललं आणि ऑर्डरी आटल्या! वरचा ठळक फोन नंबर तीन आडव्या रेघांच्या मेन्यूआड दडला होता. पानांचे पत्तेही बदललेले; गूगलवरून येणारं गिऱ्हाईक ‘पान सापडत नाही’वर आपटायचं. (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारं ३०१ रीडायरेक्ट लावायचं असतं, हे मला कुठलं ठाऊक!) २०१० साली अमेरिकेतल्या डिग या बातम्यांच्या दुव्यांच्या वेबसाइटनं असाच कायापालट केला, तेव्हा नाराज वाचक रेडिट या तिच्या स्पर्धक साइटकडे गेले. मी तर एवढीशी. रीडायरेक्ट लावले. नंबर आता पुन्हा वरच आहे, मोठ्या अक्षरांत.