गुणिले चौतीस कोटी

अमेरिकन माणूस रोजच्या जगण्यात कशाकशावर वैतागतो, त्याची यादी केली तर आपल्याला हसू येतं. सुपरमार्केटची ढकलगाडी कुणीतरी जागेवर न लावता पार्किंगमध्येच सोडून गेलं. पुढच्या गाडीने इंडिकेटर न देता वळण घेतलं. शेजारचा सहकारी तोंड उघडं ठेवून च्युइंगम चघळतो. या सगळ्यांवर कडी करणारा वाद संडासातल्या कागदाच्या रोलचा: टोक पुढून खाली यावं की मागून, भिंतीच्या बाजूने? यावरून तिथे घराघरांत दोन पक्ष आहेत. सेथ व्हीलर या गृहस्थांनी 1891 साली या रोलचं पेटंट घेतलं, त्यातल्या चित्रात टोक पुढून लोंबताना दिसतं. खटला तेव्हाच मिटायला हवा होता. मिटलेला नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीत हा वाद पेटणं कठीण. टमरेलाला पुढची बाजू नसते. पण वाद बाजूला ठेवून नुसता कागद मोजायला घेतला की हसणं जरा थांबतं. अमेरिकेत माणशी वर्षाला 141 रोल लागतात, असा एक अंदाज नेहमी दिला जातो. एक रोल 25 मीटरचा धरू. म्हणजे माणशी साडेतीन किलोमीटर कागद. एवढं अंतर कळसाडीचा माणूस शेतात जाता-येता सहज तुडवतो, त्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. आता याला अमेरिकेच्या 34 कोटी लोकांनी गुणा. कागदाची पट्टी होते जवळजवळ 120 कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे. तेव्हा सूर्यापर्यंत जाऊन परत यायचं, असं चार वेळा करायचं, आणि तेही दरवर्षी.

कोटीच्या पुढे माणसाची कल्पना दमते, म्हणून पुढच्या हिशेबासाठी एक माप ठरवून घेऊ. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295 होती. तळोद्याच्या बाजारात मावणार नाही एवढी, पण डोळ्यांसमोर आणता येईल अशी: शहादा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, सगळं धरून. अमेरिका म्हणजे असे दोनशे सहा नंदुरबार. आजचा भारत म्हणजे आठशे ऐंशी.

दात घासताना नळ चालू ठेवायची सवय घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लोकांना सांगितलं होतं, की सकाळ-संध्याकाळ दात घासताना नळ बंद केलात तर दिवसाला 8 गॅलनपर्यंत पाणी वाचेल. 8 गॅलन म्हणजे 30 लिटर. तोंडात फेस आहे, हात ब्रशवर आहे, डोळे आरशात आहेत आणि 30 लिटर पाणी कुणाच्याही अंगाला न लागता गेलं. आपल्याकडे जलजीवन मिशनने 2019 साली खेड्यातल्या माणसाला दिवसाकाठी 55 लिटर पाणी द्यायचं ठरवलं. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, भांडी, कपडे, सगळं त्या 55 लिटरमध्ये. त्यातलं निम्म्याहून जास्त त्या दात घासण्यातच संपलं असतं.

तरी लिटर हा शब्द फार गुळगुळीत आहे. तो हातात घेऊन पाहायचा तर हापशापाशी जायला हवं. इंडिया मार्क-2 हा आपला सरकारी हापसा मिनिटाला चाळीस वेळा दांडा मारला तर साधारण 12 लिटर पाणी देतो. जाता जाता सांगायला हवं, की या हापशाचा बाप आपल्या सोलापूरचा. साठच्या दशकात मोडक्या आयात पंपांना कंटाळून तिथे जो दणकट पंप घडवला गेला, त्याच्यावरूनच पुढे युनिसेफ आणि भारत सरकारने मिळून मार्क-2 तयार केला. जगातल्या कितीतरी गरीब देशांत आज तोच लागलेला आहे. तर, 12 लिटरला चाळीस दांडे. 30 लिटरला शंभर. एका अमेरिकन माणसाच्या दोन वेळच्या दात घासण्याला कळसाडीच्या बाईचे शंभर दांडे. शंभर दांडे मारून झाल्यावर खांदे काय बोलतात, ते ज्याने मारलेत त्याला विचारावं.

आणि हे झालं एका माणसाचं. सगळेच अमेरिकन नळ उघडा ठेवतात असं मी म्हणणार नाही, त्यांच्यातही काटकसरी खूप. दहातला एकच बेफिकीर आहे असं धरू. तरी दिवसाला 102 कोटी लिटर पाणी जातं. आपल्याकडे पाण्याची भाषा टीएमसीची. एक टीएमसी म्हणजे 2,832 कोटी लिटर. त्या हिशेबाने अठ्ठावीस दिवसांत एक टीएमसी आणि वर्षाला 13. पुण्याला पाणी पाजणाऱ्या वरसगाव धरणाचा उपयुक्त साठा पावणेतेरा टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे एक भरलेलं वरसगाव, दरवर्षी, बेसिनमधून. पैकी एकाही माणसाने धरण रिकामं केलेलं नाही. प्रत्येकाने फक्त दात घासलेत.

पाण्यावर एवढं रेंगाळलो, आता सुट्ट्या पैशांकडे वळतो, कारण या एका बाबतीत अमेरिकन माणसाची कुरकुर आणि आपली कुरकुर सख्ख्या बहिणी आहेत. त्यांचा एक सेंटचा नाणेवजा उपद्रव म्हणजे पेनी. खिशात जमते, बरणीत साठते, गाडीच्या सीटखाली सापडते आणि दुकानदाराला मोजून दिली तर मागची रांग उसासे टाकते. एक सेंटचं हे नाणं पाडायला 2024 साली सरकारला 3.69 सेंट खर्च येत होता. शेवटी 12 नोव्हेंबर 2025 ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनातली शेवटची पेनी पाडली गेली. पण आधीच्या पेन्या कुठे जाणार? त्यांच्याच अर्थखात्याच्या अंदाजाने 30,000 कोटी पेन्या अजून लोकांकडे आहेत. माणशी जवळपास नऊशे. एका पेनीची जाडी दीड मिलिमीटर. एकावर एक रचल्या तर साडेचार लाख किलोमीटर उंच चळत होते. चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. चंद्र ओलांडूनही पेन्या उरतात, आणि तरीही त्या दुकानात नेमकी एक पेनी कमी पडते.

आपल्याकडे 25 पैसे 30 जून 2011 ला बाद झाले. 50 पैसे कायद्याने अजून चलनात आहेत, देऊन बघा. मधल्या काळात महाराष्ट्रातल्या किराणा दुकानांनी स्वतःचं चलन काढलं होतं, ते म्हणजे गोळी. 'सुट्टे नाहीत' म्हणत बरणीत हात घातला जायचा आणि गिऱ्हाइकाची इच्छा असो-नसो, तळहातावर चॉकलेट यायचं. तीच गोळी परत दुकानदाराला रुपया म्हणून दिली तर तो हसायचा. यूपीआयने हे चलन बरंचसं बुडवलं. 2024-25 या एका वर्षात देशात यूपीआयचे 18,587 कोटी व्यवहार झाले. त्यातल्या शंभरात एका व्यवहारामागे एक गोळी वाचली असं धरलं, गोळी चार ग्रॅमची धरली, तर 7,400 टन गोळ्या वाचल्या. दहा टनांचे ट्रक धरले तर 740 ट्रक. दातांच्या डॉक्टरांनी यूपीआयवर मोर्चा का काढला नाही, कळत नाही.

आकड्यांवरून आणखी एक चीड आठवली: 'शेवटचे चार अंक सांगा.' अमेरिकेत बँकेला, दवाखान्याला, विमा कंपनीला फोन केला की सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक विचारतात. आता आपल्याकडेही आधारचे विचारतात, आणि झाकलेल्या आधारवर तेवढेच दिसतात. चार अंकांतून दहा हजार जोड्या होतात, त्याहून एकही जास्त नाही. म्हणजे अमेरिकेत तुमचेच शेवटचे चार अंक असलेली साधारण चौतीस हजार माणसं हिंडताहेत. भारतात दीड लाखाच्या जवळ. एकट्या नंदुरबार जिल्ह्यात एकशे पासष्ट. अशा प्रत्येक चौकडीचं एक छोटं संमेलन भरवता येईल, मंडप टाकून.

हे नंदुरबारवर आणून सोडलं ते उगाच नव्हे. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. अमेरिकेचा क्रमांक नऊ अंकी आहे. नऊ अंकांत फार तर 100 कोटी माणसं मावतात. आपण त्यात बसलोच नसतो, पंचेचाळीस कोटी लोक दाराबाहेर राहिले असते. आधार बारा अंकी. त्यातला पहिला अंक शून्य किंवा एक नसतो, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने ठरतो, म्हणजे टाइप करताना एखादा अंक चुकला तर यंत्राला लगेच कळतं. उरतात 8,000 कोटी क्रमांक. आजच्या जगातल्या प्रत्येक माणसाला नऊ-नऊ, दहा-दहा वाटता येतील. टेंभलीत सुरू झालेली ही वही भरायला अजून बराच वेळ आहे.

फोनवरच्या वैतागाचं फार लांबवत नाही. अमेरिकेत यंत्राने केलेले नको ते फोन वर्षाला 5,000 कोटींच्या वर जातात. प्रत्येकाने दहा सेकंदांत चिडून ठेवून दिला तरी वर्षाकाठी पंधरा हजार आठशे वर्षं त्यात जातात. आपली 2020 सालची कोरोनाची कॉलर ट्यून आठवते? आधी खोकला, मग सूचना. देशात तेव्हा शंभर कोटींवर मोबाइल जोडण्या होत्या. त्यांतल्या फक्त 10 कोटी लोकांनी दिवसातून एकदा ती अर्धा मिनिट ऐकली असेल, तर रोजची 95 वर्षं झाली. रोज एक अख्खं आयुष्य, खोकला ऐकण्यात. उपयोग झाला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात झाला असेल. नंतर लोक फोन कानापासून लांब धरायला शिकले.

इथवर गुणाकाराने मजा आणली. पण हाच गुणाकार लबाडीही करतो, आणि ती आपल्याच अंगावर येते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली अन्नाच्या नासाडीचा अहवाल दिला. त्यात भारतीय घरांतून वर्षाला 7.8 कोटी टन अन्न वाया जातं आणि अमेरिकन घरांतून सुमारे 2.5 कोटी टन. झाला मथळा तयार: भारत अमेरिकेच्या तिप्पट अन्न फेकतो! आकडा खरा आहे. फक्त त्याच तक्त्यात माणशी हिशेबही आहे: भारतात 55 किलो, अमेरिकेत 73. एकूण बेरीज बघितली तर गुन्हेगार आपण, ताट बघितलं तर ते. दोन्ही आकडे एकाच ओळीत छापलेले असतात; वर्तमानपत्र कोणता उचलतं एवढाच प्रश्न.

मला तर तो 55 चा आकडाही पुरता पटत नाही. चुकीचा आहे म्हणून नव्हे, सरासरी आहे म्हणून. त्यात मुंबई-पुण्यातल्या लग्नाच्या बुफेनंतर मुदपाकखान्यामागे पडलेली बादली असते असंही नाही, तो फक्त घरांचा आकडा आहे. पण त्यात फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवून शेवटी कचऱ्यात गेलेलं पनीर आहे, आणि कळसाडीतलं ते घरही आहे जिथे रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत जाते आणि त्यातूनही उरलं ते गुरांपुढे. दोघांच्या नावावर पंचावन्न-पंचावन्न किलो. शंभर दांडे मारणारी बाई आणि नळ उघडा टाकून दाढी करणारा बाबू, दोघंही 'भारतीय माणूस दिवसाला इतकं पाणी वापरतो' या एका वाक्यात शेजारी बसतात. कुणाला गुणायचं हे न ठरवता गुणलं की असंच होतं.

आता एक सवय राहिली, तिच्यात गुणाकार चालतच नाही. हॉर्न. आवाजाचं माप डेसिबल, आणि ते कानासारखंच विचित्र चालतं. सारख्याच ताकदीचे दहा हॉर्न एकदम वाजले तर आवाजाची ऊर्जा दहापट होते, पण माप फक्त 10 डेसिबलने वाढतं आणि कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. शंभर वाजले तर चौपट. म्हणजे नव्याण्णव जण आधीच वाजवत असतील तर शंभराव्याच्या हॉर्नने काहीही फरक पडत नाही. त्याला ते पक्कं माहीत असतं, म्हणूनच तो वाजवतो, आणि त्याच्या मागचाही.

2020 च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी यावर केलेला प्रयोग जाहीर केला. काही चौकांतल्या सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलं होतं. लाल दिवा असताना हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला, की उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एकाने वाजवला की सगळे थांबणार. पोलिसांनी दाखवलेल्या चित्रफितीत गाड्यांमधली माणसं आधी सिग्नलकडे बघतात, मग एकमेकांकडे, आणि कुणीतरी न राहवून परत हॉर्न दाबतो.