विजेची बेगमी

चित्रीकरणाला आरंभ होण्यापूर्वी छायालेखक आपल्या सहायकांसह अंधेरीतील एखाद्या कॅमेरा भाड्याने देणाऱ्या पेढीत जाऊन यंत्रसामग्रीची जी पारख करतो, तिच्यातला बहुतेक वेळ भिंगांकडे जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण भिंगाचे गुणदोष पडद्यावर दिसतात, त्यांविषयी बोलण्यात रस असतो आणि दिग्दर्शकालाही त्या चर्चेत भाग घेता येतो. बॅटरीचा विषय मात्र ‘किती देणार?’ या एका प्रश्नात आणि ‘आठ’ या एका उत्तरात निकालात निघतो. हा शिरस्ता मला फार दिवस खटकत आला आहे. सारे युनिट तयार असताना आणि नटाचा प्रसंग नेमका रंगात आला असताना कॅमेरा बंद पडला, तर ते नुकसान कितीही मोलाच्या भिंगाने भरून निघत नाही. म्हणूनच सातारा जिल्ह्यातील एका सैनिकाच्या कुटुंबावर बेतलेल्या मराठी चित्रपटाची तयारी चालू असताना त्याच्या छायालेखकाने बॅटऱ्यांच्या टेबलापाशी अख्खी दुपार काढली, ती मी शेजारी बसून पाहिली. चित्रपटाचा पूर्वार्ध वाई-मेणवलीच्या परिसरात आणि उत्तरार्ध लेहच्या पलीकडे घडत होता. म्हणजे एकाच बेगमीला कृष्णाकाठचे वैशाखातले ऊन आणि लडाखची थंडी अशी दोन्ही टोके सांभाळावयाची होती.

प्रथम खपाचा हिशेब झाला. मुक्रर झालेला कॅमेरा आरी कंपनीचा अ‍ॅलेक्सा मिनी एलएफ. तो व्ह्यूफाइंडरसह सुमारे ६५ वॅट वीज घेतो. परंतु नुसता कॅमेरा कधीच चालत नाही. दिग्दर्शकाच्या मॉनिटरकडे चित्र पाठविणारा बिनतारी ट्रान्समीटर, फोकस पुलरच्या हुकमाने भिंगाचे कडे फिरविणाऱ्या मोटारी, ऑपरेटरसाठी एक लहान मॉनिटर, अशा सर्वांचा भार कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या त्याच एका बॅटरीवर पडत असल्यामुळे आकडा १०० वॅटांच्या घरात जातो. छायालेखकाने तो माहितीपत्रकावरून गृहीत धरला नाही. प्रत्यक्ष चित्रीकरणात जशी असेल तशीच जोडणी उभी करवून, बॅटरी आणि कॅमेरा यांच्यामध्ये मापक लावून, त्याने तो डोळ्यांनी वाचला आणि मगच कागदावर उतरवला.

१०० वॅटांच्या खपाला ९८ वॅट-तासांची बॅटरी जवळजवळ तासभर पुरेल, असे त्रैराशिक कोणीही मांडील. पण बॅटरीतला शेवटचा पाचवा हिस्सा जमेला धरावयाचा नाही असा जाणत्यांचा नियम असल्याने हातात राहतो तो पाऊण तास. शिवाय दोन शॉटांच्या मधल्या वेळात कॅमेरा बंद ठेवावा म्हटले, तरी प्रकाशयोजना, फ्रेम, तालीम हे सर्व आता मॉनिटरवर पाहूनच ठरत असल्यामुळे १२ तासांच्या पाळीत तो १० तास तरी चालूच राहतो. म्हणजे दिवसाची गरज झाली १००० वॅट-तासांची, आणि ९८ च्या मापाने तिला लागतात १३ बॅटऱ्या. ‘आठ’ हे उत्तर खरे ठरते ते चार्जरला अखंड वीज मिळत असेल आणि रिकामी झालेली बॅटरी लगोलग त्याच्यावर चढत असेल तरच. मेणवलीच्या घाटावर ध्वनिमुद्रकाच्या सोयीसाठी जनरेटरची गाडी दूर उभी करावी लागते, आणि चार्जर साहजिकच त्या गाडीपाशी राहतो. तेव्हा बॅटऱ्या नेण्या-आणण्यात जाणारा वेळ आणि माणूस यांचीही तजवीज संख्येतच करावी लागते.

इथवरचा हिशेब कोणताही काळजीवाहू सहायक करील. खरी मेख आहे ती विद्युत्प्रवाहात, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ही बॅटरी आतून पाहिली तर ती १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या लिथियम-आयन घटांची एक शिस्तबद्ध मांडणी असते. ३.६ व्होल्टांचे चार घट ओळीने जोडले की १४.४ व्होल्ट होतात. अशा दोन ओळी समांतर ठेवल्या आणि प्रत्येक घट ३.४ अँपिअर-तासांचा असला, की गुणाकार ९७.९ येतो आणि वेष्टनावर ९८ छापले जाते. तीन ओळी केल्या की दीडशेच्या जवळ जाणारी बॅटरी होते. आता १०० वॅटांचा भार १२.५ व्होल्टांवर ८ अँपिअर मागतो. दोन ओळींच्या बॅटरीत प्रत्येक घटाला ४ अँपिअर द्यावे लागतात, तर तीन ओळींच्या बॅटरीत पावणेतीनच्या आतच भागते. म्हणून मोठी बॅटरी केवळ जास्त वेळ चालते एवढेच तिचे माहात्म्य नव्हे. तीच मजुरी ती कमी शिणून करते, कमी तापते आणि अधिक वर्षे टिकते.

यात आणखी एक दुष्टचक्र दडलेले आहे. कॅमेऱ्याला वॅट ठरलेले लागतात. त्यामुळे बॅटरीचा दाब उतरू लागला की तो तेवढाच अधिक प्रवाह ओढतो, प्रवाह वाढला की घटांच्या अंतर्गत रोधापायी दाब आणखी खचतो, आणि तो खचला म्हणून प्रवाह पुन्हा वाढतो. नव्या बॅटरीत हा रोध अल्प असल्याने चक्राला वेग येत नाही. जुन्या बॅटरीत शेवटची दहा मिनिटे याच चक्राने खाल्लेली असतात.

हे त्या दुपारी प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. पेढीचे कॅमेरा अटेंडंट रत्नागिरीकडचे, पन्नाशीच्या पुढचे, मितभाषी गृहस्थ होते. फोकस पुलर त्यांना काका म्हणत असे. त्यांनी एकाच मापाच्या दोन व्ही-माउंट, म्हणजे व्ही आकाराच्या जोडणीने कॅमेऱ्याच्या पाठीवर बसणाऱ्या, बॅटऱ्या पुढे ठेवल्या, एक नवी आणि एक बरीच वापरलेली. दोन्ही भरलेल्या होत्या, दोहोंच्या अंगावरचे सर्व दिवे लागलेले होते, आणि भार नसताना दोहोंचा दाब साडेसोळा व्होल्टांच्या आसपासच होता. नवी लावून सर्व उपकरणे चालू केली तेव्हा आकडा १६.१ वर स्थिरावला. जुनी लावताच तो १५.२ वर आला. पुढे पाऊण टप्पा संपेपर्यंत दोघींत फरक जाणवू नये इतपत जुनी नीट चालली, आणि अंगावर ३० टक्के दाखवीत असतानाच १३ वरून १२, १२ वरून साडेअकरा अशी घसरत गेली. फोकस पुलर अजून टक्केच वाचत होता. काका शांतपणे म्हणाले, “जुन्या बॅटरीचा टक्का बघू नका दादा, व्होल्ट बघा. टक्का ती नवी होती तेव्हाचा सांगते.” छायालेखकाने लगेच कॅमेऱ्यातली इशाऱ्याची मर्यादा वर ओढून घेतली, म्हणजे ताकीद मिळाल्यावरही एक पूर्ण शॉट निभावेल.

दाबाच्या या प्रश्नावरचा मूलगामी उपाय म्हणजे दाबच दुप्पट करणे. तेवढीच वीज १२ ऐवजी २४ व्होल्टांनी दिली तर प्रवाह निम्मा होतो, आणि तारेत उष्णतारूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चौथ्या हिश्शावर येते. म्युनिकच्या बेबॉब कंपनीने विकसित केलेले आणि आरीने अंगीकारलेले बी-माउंट याच तत्त्वावर उभे आहे. २०२२ मध्ये आलेला अ‍ॅलेक्सा ३५ तर २०.५ व्होल्टांखाली चालतच नाही, कारण त्याची एकट्याचीच मागणी ९० वॅटांच्या आसपास आहे. सोनीचे व्ही-माउंट आणि अमेरिकेत अधिक रुळलेले अँटन-बॉअरचे गोल्ड माउंट ही दोन्ही घराणी कॅमेऱ्यांची मागणी माफक असताना जन्मली. आजपासून नव्याने साठा उभारणाऱ्या पेढीने २४ व्होल्टांकडेच वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मिनी एलएफ ११ पासून ३४ व्होल्टांपर्यंत काहीही स्वीकारतो, आणि त्या पेढीत बी-माउंटच्या बॅटऱ्या मोजक्याच असल्यामुळे लेहसारख्या ठिकाणी बदली मिळण्याची शाश्वती नव्हती. तेव्हा अंगावरच्या बॅटरीसाठी व्ही-माउंट आणि ट्रॉलीवर किंवा तिपाईवर कॅमेरा असताना जमिनीवर ठेवण्यासाठी २६ व्होल्टांच्या ब्लॉक बॅटऱ्या, असा तह झाला.

येथे एक विषयांतर करतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनमध्ये विकत घेतलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवावयाचा होता. ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रीकरण करणाऱ्या त्र्यंबक तेलंगांच्या मनगटातच ऊर्जा आणि वेग या दोहोंचा बंदोबस्त होता. मनगटाची जागा मोटारीने घेतल्यावर लेड-अ‍ॅसिडच्या जड पेट्या आल्या, मागाहून निकेल-कॅडमियम आल्या, आणि १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली. निकेल-कॅडमियमच्या काळात बॅटरी पुरती रिकामी करूनच भरावी अशी शिकवण होती आणि त्या रसायनापुरती ती योग्यही होती. लिथियमला मात्र पुरते रिकामे होणे बाधते, आणि महिनोन्‌महिने तुडुंब भरून कपाटात पडून राहणेही बाधते. काम नसताना तिला निम्म्यावर ठेवावे. काकांनी जुनी शिकवण टाकून नवी अंगवळणी पाडली होती, याचे मला विशेष कौतुक वाटले.

लेहचा विचार सुरू होताच रसायनशास्त्राची जागा कायद्याने घेतली. प्रवासी विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात देण्यास मनाई आहे. त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंत फारशी हरकत येत नाही, १०० ते १६० पर्यंतच्या दोनच, त्याही विमान कंपनीच्या संमतीने, आणि १६० च्या वर मुभाच नाही. ९८ हा आकडा बाजारात इतका का बोकाळला आहे, त्याचे कारण हे कलम. म्हणून वाईला रस्त्याने जाणाऱ्या गाडीत दीडशेच्या बॅटऱ्या व ब्लॉक, आणि लेहसाठी ९८ च्याच बॅटऱ्या, त्याही पाच-सहा माणसांच्या पिशव्यांत विभागून, प्रत्येकीच्या धातूच्या टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावून, अशी वाटणी ठरली. छापील वॅट-तासांचा मजकूर पुसट झालेल्या बॅटऱ्या काकांनी इथेच बाजूला काढल्या. सुरक्षा तपासणीवरच्या अधिकाऱ्याला वाचता येईल असा दाखला अंगावर नसेल, तर बॅटरी चांगली असूनही ती विमानतळावरच राहते.

थंडीत या घटांमधला द्राव दाटतो, रोध वाढतो, आणि वर सांगितलेले दुष्टचक्र नव्या बॅटरीतही लवकर सुरू होते. म्हणून लडाखसाठी संख्या दीडपट धरली, आणि वापरात नसलेल्या बॅटऱ्या गरम कपड्यांच्या आत अंगालगत ठेवण्याचे ठरले. शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून कायमची इजा होते; तेव्हा रात्री खोलीत आल्यावर बॅटऱ्या ऊबेला येईपर्यंत थांबणे आणि मगच चार्जर लावणे, हा नियम सहायकांकडून वदवून घेतला गेला. वाईच्या उन्हासाठी सूचना एवढीच की बॅटऱ्यांची पेटी सावलीत असावी आणि वापरून तापलेली बॅटरी निवल्यावाचून चार्जरवर चढवू नये.

जोडणीच्या क्रमाविषयी मात्र छायालेखक फार आग्रही होता. बॅटरीच्या डी-टॅपमधून, म्हणजे तिच्या अंगावरच्या जोडखोबणीतून, ट्रान्समीटरसारख्या उपकरणाला वीज घ्यावयाची असेल, तर आधी विजेची तार आणि नंतर चित्राची बीएनसी तार. काढताना आधी बीएनसी आणि मग वीज. हा क्रम चुकला आणि विजेच्या तारेचे ऋण टोक आधी टेकले नाही, तर प्रवाह परतीची वाट चित्राच्या तारेतून शोधतो आणि कॅमेऱ्याचा चित्र बाहेर पाठविणारा एसडीआय भाग क्षणात जळतो. उपकरणाचे बटण बंद असले तरी हा धोका टळत नाही. त्याने नव्या सहायकाकडून ही जोडणी आपल्यासमोर करवून घेतली आणि हात आपोआप त्याच क्रमाने चालू लागले तेव्हाच तो उठला.

निवड झाल्यावर काकांनी आपली नोंदवही उघडली. तिच्यात प्रत्येक बॅटरीचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि भाराखाली ती किती मिनिटे चालली याचा तपशील होता. असे दफ्तर ज्या पेढीत आहे तिला दोन पैसे अधिक मोजावेत, असे मी निर्मात्यांना मनापासून सुचवीन. या नोंदींच्या आधारे मघाशी घसरलेली ती बॅटरी आणि तिच्या वयाच्या आणखी दोन कॅमेऱ्यासाठी बाद झाल्या. दिग्दर्शकाच्या मॉनिटरला २० वॅटही पुरतात, तिथे त्या अजून बरेच दिवस चालतील. एकीची बाजू किंचित फुगलेली हाताला लागली, तिला मात्र मॉनिटरचीही चाकरी मिळाली नाही. ती वेगळ्या पेटीत, ई-कचऱ्याच्या खात्यात गेली. घट बदलून तिला पुन्हा उभी करण्याची सूचना कोणीतरी केली, पण आतले घट निराळे आणि अंगावरचा आकडा जुना अशी बॅटरी विमानात नेणे छायालेखकाला मान्य नव्हते, आणि मलाही ते रास्त वाटले. मग वाईसाठी दीडशेच्या दहा व ब्लॉक दोन, लेहसाठी ९८ च्या वीस, चार खणांचे चार्जर दोन, असे चलान तयार झाले. निर्मिती व्यवस्थापकाने विसाच्या आकड्यावर बोट ठेवून कारण विचारले, आणि छायालेखकाने मापकाचा आकडा असलेला तो कागद त्याच्यापुढे सरकवला.