गोठ्यातलं इंजेक्शन

शाळेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध लिहिला नाही असा मराठी माणूस विरळा. शापाच्या परिच्छेदात अणुबाँब ठरलेला, पाठोपाठ धूर ओकणारे कारखाने, आणि शेवटी ‘दोष विज्ञानाचा नव्हे, ते वापरणाऱ्या माणसाचा’ अशी सोयीची सुटका. पण या निबंधात कुठेच न बसणारी एक गोष्ट आपल्याच देशात घडून गेली आहे. तिच्यात युद्ध नाही, लोभी कारखानदार नाही, औषधाचा गैरवापरही नाही. आहे ते फक्त लंगडणाऱ्या बैलाला दिलेलं वेदनाशामक इंजेक्शन.

औषधाचं नाव डायक्लोफेनॅक. गुडघेदुखी, पाठदुखी, दाढदुखी यांसाठी आपल्यापैकी बहुतेकांनी ते कधी ना कधी घेतलेलं असतं. १९७० च्या दशकात ते माणसांसाठी आलं. पेटंटची मुदत संपल्यावर भारतीय कंपन्या ते स्वस्तात बनवू लागल्या आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते गोठ्यात पोचलं. कासेची सूज असो, ताप असो की सांध्याचं दुखणं, जनावराला लगेच उतार पडे. पेरणीच्या तोंडावर बैल बसला तर वर्ष बुडतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याने हे औषध का घेऊ नये? गुराच्या डॉक्टरने तरी ते का देऊ नये? गाईसाठी ते सुरक्षित होतं, आणि तपासणीत तेवढाच प्रश्न विचारला जात होता. ही गाय मेल्यावर तिला कोण खाणार, हे विचारायची पद्धतच नव्हती.

खाणारी होती गिधाडं. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून नेण्याचं काम गावाने जातीच्या जोरावर काही माणसांवर लादलं होतं. त्यापुढचं काम आकाशातून येणाऱ्यांचं. गिधाडांचा मोठा थवा तासाभरात गाईचा सांगाडा उरवी. त्यासाठी ना नगरपालिकेला खर्च होता, ना सरकारची एखादी योजना. म्हणूनच की काय, ही गिधाडं मोजावीत असं फार कुणाला वाटलं नाही.

मोजली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकात त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या साडेतीनशेवर जोड्या नोंदवल्या होत्या. १९९६ मध्ये पुन्हा गेले, तर निम्म्याहून कमी उरल्या होत्या. माना टाकून बसलेले पक्षी, फांद्यांत अडकलेली मढी. पुढे हिशेब लागला तो असा : १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं भारतात सुमारे ९९.९ टक्के घटली, आणि लांब चोचीच्या दोन जाती सुमारे ९७ टक्के.

कारण सापडायला वेळ लागला. आधी कीटकनाशकांवर संशय गेला, मग एखाद्या विषाणूवर. गुन्हेगार हाती लागला तो पाकिस्तानातल्या पंजाबात. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं फाडून पाहिली, तेव्हा आतल्या अवयवांवर खडू फासावा तसा पांढरा थर दिसला. तो होता युरिक आम्ल साचून बनलेल्या स्फटिकांचा. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. पण कशाने? त्यांनी सरळ गुरांचे डॉक्टर आणि औषधांची दुकानं गाठली आणि मूत्रपिंडाला अपाय करू शकणारं कोणतं औषध जनावरांना दिलं जातं, ते विचारलं. उत्तर एकच आलं. मग तपासणी : अशा रीतीने मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ मध्ये डायक्लोफेनॅक होतं; इतर कारणांनी मेलेल्या १३ मध्ये एकातही नाही. २००४ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुराव्याचं काम इतकं स्वच्छ क्वचितच जमतं.

इथे एक आकडा समजून घ्यायला हवा. प्रत्येक मेलेल्या गुरात औषध असायची गरज नव्हती. शंभरातल्या एकाहूनही कमी मढ्यांत विष असलं, तरी गिधाडं झपाट्याने संपतील असं गणित निघालं. एका मढ्यावर डझनावारी पक्षी बसतात आणि रोज नव्या मढ्याच्या शोधात लांबलांब जातात. आयुष्यात एकदा विषारी घास मिळाला की पुरे. त्यात वर्षाला अंडं एकच. प्रत्यक्षात बंदीच्या आधी भारतभरातल्या मढ्यांचे नमुने तपासले, तर सुमारे दहा टक्क्यांत औषध निघालं. तेही साहजिकच. वेदनाशामक दुखणं दाबतं, रोग बरा करत नाही. ज्या जनावराच्या जगण्याची आशा कमी, त्यालाच ते टोचलं जातं, आणि मग ते औषध अंगात असतानाच मरतं.

गिधाडं गेल्यावर मढी सडू लागली, भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीजची भीतीही. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अंत्यविधीसाठी सौर संकेंद्रकांचा आधार घ्यावा लागला; पावसाळ्यात ऊन नसलं की तोही लंगडा. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडं भरपूर असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांच्या मृत्युदरांची तुलना केली. त्यांचा अंदाज आहे की २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली. अंदाजच तो, कमीजास्त होईल. पण निम्म्याने कमी धरला तरी अंगावर काटा येतो.

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय त्याच वर्षी सिद्ध झाला होता. म्हणजे विज्ञानाने केलेलं विज्ञानानेच निस्तरलं, असं म्हणून निबंध संपवता आला असता. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानात होत्याच, त्या गोठ्यात जात राहिल्या. बाटली ३ मिलिलिटरची करायला २०१५ उजाडलं, आणि त्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या. स्पेनने तर सगळं जगजाहीर झाल्यावर, २०१३ मध्ये, गुरांसाठी हेच औषध मंजूर केलं. तिथे २०२० मध्ये एक काळं गिधाड त्याने मेलं.

माझी तक्रार इथे आहे. पहिली चूक अज्ञानातली, ती समजू शकते. पण केटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे २०१० च्या सुमारास कळलं, आणि भारतात त्यावर बंदी आली २०२३ मध्ये. तेव्हाच बंदी आलेलं एसेक्लोफेनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतं! निमेसुलाइडला २०२४ चा डिसेंबर सरला. औषध आधी विकायचं आणि निरुपद्रवी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मेलेल्या पक्ष्यांवर टाकायची, हा क्रम कुणी उलटवत नाही.

रायगडात म्हसळ्याच्या बाजूला अजून गिधाडांची घरटी आहेत. पेंचमध्ये २०२४ साली पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेले पक्षी मोकळे सोडले आहेत. एखादं औषध गिधाडांना विषारी ठरलं की ते गुरांच्या वापरातून आपोआप बाद व्हावं, अशी शिफारस केंद्र सरकारच्या २०२० ते २०२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यातच आहे. आराखड्याची मुदत संपली. त्यातलं ‘आपोआप’ अजून अधिसूचनेगणिक, एकेका औषधासाठी वेगळं घडवावं लागतं.