दहा बाय पाच

सोयाबीनच्या शेतात दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तुकडा आखायचा, तर चार खुंट्या आणि दोरीनं भागत नाही. कर्णही मोजावा लागतो. तो ११.१८ मीटर भरला तरच कोपरे काटकोनात. तुकडा कुठे पाडायचा हे शेतकऱ्यानं ठरवायचं नाही, सहायक कृषी अधिकाऱ्यानंही नाही. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून निघून, यादृच्छिक आकडे सांगतील तितकी पावलं लांबीत आणि तितकी रुंदीत चालायचं, मग पहिली खुंटी ठोकायची. आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. ५० चौरस मीटरच्या वजनाला २००नं गुणलं की हेक्टरी उत्पादन. म्हणजे ताडपत्रीवर किलोभर इकडचं तिकडे झालं, तर कागदावर हेक्टरी दोन क्विंटल हलतात.

हा पीक कापणी प्रयोग. वर उपग्रह, महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला, एवढा पसारा असूनही किती पिकलं याचा निकाल मुख्यतः या तुकड्यात लागतो.

आधी तो डोळ्यांनी लागायचा. ‘सोळा आणे पीक’ मनात धरून महसूल खात्याचा माणूस उभ्या पिकाला आणे द्यायचा. सोळा आणे पीक कुणी कधी पाहिलं होतं, हे विचारायची सोय नव्हती. शिवाय सारा वसूल करणारं आणि पिकाची अवस्था ठरवणारं खातं एकच. आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्रात खरिपाची नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम पैसेवारी अजून जाहीर होते आणि ५० पैशांच्या आत-बाहेर असण्यावरून गावोगाव रान उठतं.

नजरेला पहिला शह बिहार-ओरिसात बसला. जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्यानं १९२०च्या दशकात भाताच्या शेतांतून यादृच्छिक जागा निवडून छोटे त्रिकोणी तुकडे कापवले. पुढे बंगालात प्रशांतचंद्र महालनोबिसांनी नमुना पाहणीचं शास्त्रच उभं केलं. त्यांचे तुकडे लहान असत. लहान तुकडा स्वस्त, झटपट. तेवढ्याच पैशांत जास्त शेतं पाहून होतात.

इथे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आडवे आले. दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करताना त्यांनी दाखवलं, की तुकडा फार लहान असला तर उत्पादन फुगतं. कारण अगदी शेतातलं आहे. दोरी ज्या धाटाला घासून जाते ते आतलं की बाहेरचं? कापणाऱ्याचा विळा ते सहसा आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानानं त्याची कड मोठी, आणि तितकी ही चूकही मोठी. वाद चांगलाच रंगला. माझं मत विचाराल तर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पण सरकारी यंत्रणेच्या हाती विळा द्यायचा तर सुखात्म्यांची बाजू सरस ठरते. उत्तर प्रदेशात आजही दहा मीटर बाजूचा त्रिकोण कापतात. महाराष्ट्रासह काही राज्यांत धान्यपिकांना दहा बाय पाच. सुखात्मे १९५१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले.

मोजायचं कुठे, हा प्रश्न हवामानालाही चुकलेला नाही. पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या सिमला ऑफिसात, १९३२मध्ये कृषी हवामान विभाग निघाला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून नसते, वीत-दोन वीत वर असते, हे त्यांनी मोजून दाखवलं. तापमापी वीतभर वर-खाली ठेवला तरी थंडी बदलते; आणि रोपं तर त्याच थरात उभी.

उपग्रहाची नजर वेगळ्या गोष्टीवर असते. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं, अवरक्त परत फेकतं. त्या फरकातून पिकाचा जोम कळतो. दिल्लीच्या महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्रात २०१२पासून हे काम चालतं. खरिपात ढग आड येतात म्हणून ढगांआरपार पाहणारा रडार लागतो. भात, गहू अशी एकसलग पिकं नीट ओळखू येतात. सोयाबीनमध्ये तुरीचे तास असले की गोंधळ. शिवाय सोयाबीन हिरवंगार माजलं आणि शेंगाच धरल्या नाहीत, तर वरून ते सुंदरच दिसतं. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेनं म्हणूनच पाऊस, ओल आणि हिरवाई पाहून झाल्यावर निवडक गावांत शेतावर जाऊन खातरजमा करायला लावली: ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर मध्यम दुष्काळ, ५० टक्क्यांवर गंभीर.

खरी अडचण पुढे आली. सुखात्म्यांची पद्धत जिल्ह्याची, प्रांताची सरासरी काढायला होती. पीक विम्यानं तिला मंडळापर्यंत, ग्रामपंचायतीपर्यंत खाली आणलं. २०१६च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत मंडळाला किमान दहा प्रयोग, ग्रामपंचायतीला चार. त्यांची सरासरी आधी ठरलेल्या उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली तर भरपाई. जो आकडा देशाच्या धान्याचा हिशेब सांगायला निघाला, त्याच्यावर आता गावाचे पैसे अडलेत. साहजिकच मळणीच्या वेळी विमा कंपनीचा प्रतिनिधी काट्याकडे एका नजरेनं बघतो, शेतकरी दुसऱ्या. फोटो आणि अक्षांश-रेखांश ॲपवर चढवल्यानं प्रयोग झाला की नाही एवढं कळतं. विळा कुठून फिरला ते कळत नाही.

महाराष्ट्रात २०२५च्या खरिपापासून शेतकऱ्याला एका रुपयात मिळणारा विमा गेला आणि भरपाई मुख्यतः कापणी प्रयोगांवर येऊन ठेपली. मंडळात दहाचे वीस प्रयोग करा, ही मागणी रास्त असली तरी तेवढी माणसं आणायची कुठून, हे कुणी सांगत नाही. स्वस्तातला उपाय आहे: प्रत्येक तुकड्याचा गट क्रमांक, कापणीची तारीख, ओलं वजन आणि वाळल्यानंतरचं वजन हे चार आकडे आठवड्याच्या आत चावडीवर लावा. शेजारच्या शेतात काय पिकलं ते गावाला पाठ असतं. खोटं वजन तिथे दोन दिवसही टिकणार नाही.