गुडघा-प्रत्यारोपण : व्यायाम आणि पोहणे
२००० व २००१ साली पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे मुंबईत बदलण्यात आले. आता तेरखेड्याचा शेतकरीही ही शस्त्रक्रिया करून येतो आणि विचारतो, “विहिरीत केव्हा पोहू?”

शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा ताठ ठेवून पाय उचलावा; व्यायाम अर्धशक्तीच असावा. पाण्यात शरीरभार हलका होत असल्याने पोहणेही हितकर.

शस्त्रक्रियेनंतर चालणे लवकर सुरू होते. परंतु व्रण पूर्ण रुजून शल्यचिकित्सकाची अनुमती मिळेपर्यंत पोहणे, व्रणावर अभ्यंग व जानुबस्ती वर्ज्य. पुढेही विहिरीत उडी मारू नये.

पोटरी सुजून दुखू लागल्यास रक्ताची गुठळी संभवते. अशा वेळी वैद्यांनी मर्दन करू नये, औषधविक्रेत्यांनी तेल देऊ नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.